ट्रेडमिल पानिपतला जाते

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा परिसंवाद आहे: 'व्यसन आरोग्यदायी असू शकतं का?' दोन डॉक्टर, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक योगशिक्षिका यांचे लेख आले आहेत, असं संपादकबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मोघे, तुम्हीही लिहा. तुम्हाला अनुभव आहे." मी सिगारेट ओढत नाही, दारू पीत नाही, पत्ते खेळलो तरी हरलो की उठतो. तेव्हा हा अनुभव कसला, याबद्दल गैरसमज नको म्हणून सांगतो. दिल्लीत माझी जवळजवळ सगळी नोकरी व्यायामाची यंत्रं विकण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. त्यातही मुख्यतः ट्रेडमिल. संपादकबाईंच्या घरची ट्रेडमिलही माझ्याच हातची आहे आणि तिच्यावर सध्या त्यांच्या साड्या वाळतात, हे मला माहीत आहे. त्यांनी हे वाक्य कापू नये, अशी विनंती.

मी पुण्याहून डिप्लोमा करून दिल्लीला आलो तो सायक्लोस्टाइल यंत्रांच्या कंपनीत. सरकारी कचेऱ्यांत जाऊन शाईने हात काळे करून घ्यायचे, ही नोकरी. मग बाजार खुला झाला, झेरॉक्सची यंत्रं गल्लोगल्ली आली आणि आमचं दुकान बसलं. मालकांच्या पुतण्याने ओखल्यात गोदाम घेतलं आणि तैवानहून ट्रेडमिल मागवायला सुरुवात केली. मी म्हटलं, यातलं मला काही कळत नाही. तो म्हणाला, "मोगे जी, उसमें भी रोलर था, इसमें भी रोलर है. सिर्फ काग़ज़ की जगह आदमी चलेगा." हे माझं एकमेव प्रशिक्षण. आणि मोघेचं 'मोगे' झालं ते कायमचं. कित्येक गिऱ्हाइकांची अजून समजूत आहे की मी पंजाबातल्या मोग्याचा.

धंदा चालला, कारण गुरुग्राम. तेव्हा त्याला गुडगाव म्हणायचे. कालपर्यंत सरसोंची शेतं होती तिथे टॉवर उभे राहत होते. माणसं विसाव्या मजल्यावरून लिफ्टने उतरायची, गाडीत बसायची, ऑफिसात पुन्हा लिफ्टने चढायची. दिवसभरात त्यांचे पाय जमिनीला लागायचे ते फक्त बाथरूममध्ये. बाहेर चालावं म्हटलं तर फुटपाथ नाही, आहे तिथे खड्डा, खड्डा नाही तिथे म्हैस. मग घरातच चालायचं यंत्र घ्यायचं.

ज्यांनी ते उघडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक गुळगुळीत फळी, तिच्यावरून फिरणारा रबरी पट्टा, दोन टोकांना रोलर, पुढे झाकणाखाली मोटर. माणूस पुढे जात नाही, पायाखालचा पट्टा मागे जातो. फळी आणि पट्टा यांच्यामध्ये अधूनमधून सिलिकॉनचं तेल सोडायचं असतं. ते कोणीच सोडत नाही, म्हणून माझी दोन मुलं शिकली. आणखी एक महत्त्वाची वस्तू म्हणजे लाल चावी. चावी कसली, चुंबक असतं ते. यंत्राच्या कपाळावर चिकटवायचं आणि त्याच्या दोरीचा चिमटा आपल्या कपड्याला लावायचा. माणूस पडला तर दोरी ओढली जाते, चुंबक सुटतं आणि पट्टा थांबतो. चावी नसेल तर यंत्र सुरूच होत नाही.

गिऱ्हाइकांच्या दोन जाती. पहिली न वापरणाऱ्यांची. ही मोठी. एका मल्होत्रा आंटींचा फोन आला, "मशीन में से चक्की की आवाज़ आ रही है." गेलो. झाकण उघडलं तर मोटरभोवती पिवळं पीठ. आंटी पट्ट्यावर मुगाच्या वड्या वाळत घालायच्या. ऊन सरकलं की वड्याही सरकाव्यात म्हणून त्या बटण दाबून पट्टा जरासा पुढे घ्यायच्या. एकदा बटण दाबून त्या फोन घ्यायला गेल्या आणि सगळ्या वड्या एकेक करून यंत्राच्या पोटात गेल्या. मी ब्रशने साफसफाई केली. निघताना आंटींनी मला डबाभर वड्या दिल्या. त्या कुठल्या, हे मी विचारलं नाही. घरी भाजी मात्र चांगली झाली.

दुसरी जात थांबू न शकणाऱ्यांची. ही लहान, पण आमच्या पोटाला हीच जास्त. सुजय नावाचा आपल्या पुण्याचाच एक मुलगा गुडगावात मोठ्या कंपनीत मॅनेजर होता. तो अमेरिकेशी बोलायचा ते ट्रेडमिलवर चालत. सुताराकडून त्याने हँडलवर फळी बसवून घेतली, वर कॉम्प्युटर. पुढे पुढे त्याला बसलं की काही सुचेनाच. एकदा मी दुरुस्तीसाठी पट्टा काढलेला असताना त्याचा फोन आला, तर पठ्ठ्या उघड्या फळीवर उभा राहून जागच्या जागी पाय हलवत बोलत होता. मला हाताने खूण करतो, "काका, तुम्ही करा तुमचं." मी त्याच्या दोन पायांमधून स्क्रू पिळत होतो.

अशा घरांतून एक ठरलेली तक्रार यायची: मशीन एकदम मेलं. मी पोचलो की साहेब दारातच, तोंड सुतकी. आणि साहेबांच्या मागे बाईसाहेब, हातवारे करत. हातवाऱ्यांचा अर्थ असा, की चावी माझ्याकडे आहे, तुम्ही काही बोलू नका. पहिल्यांदा मी गडबडलो. नंतर सवय झाली. मी गंभीर चेहऱ्याने झाकण उघडायचो, टॉर्च मारायचो आणि म्हणायचो, "पार्ट बाहेरून येईल." बाई चहाबरोबर समोसाही द्यायची. असा यंत्रापासून चार दिवस सुटका विकण्याचा जोडधंदा मी केला आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

आता वाळिंबेसाहेब. दिल्लीतल्या द्वारकेला मेट्रो पोचायची होती, सेक्टरांमधून नुसती धूळ उडत होती, तेव्हाची गोष्ट. वाळिंबे केंद्र सरकारातून निवृत्त झालेले अधिकारी, माझ्या सायक्लोस्टाइलच्या दिवसांपासून ओळखीचे. त्यांच्या सोसायटीत सगळेच सरकारी, त्यामुळे लिफ्टमध्येसुद्धा सीनियॉरिटीने शिरायचे. साहेबांची सिगारेट मंत्रालयात प्रसिद्ध होती. एकीच्या थोटकावर दुसरी पेटवायचे. मग छातीत दुखलं, दवाखाना झाला, डॉक्टरांनी सांगितलं, सिगारेट बंद आणि चालणं सुरू. साहेबांनी दोन्ही हुकूम त्याच दिवसापासून अमलात आणले. सिगारेट खरोखर सुटली. ट्रेडमिल मी स्वतः नेऊन बसवली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "साहेब, याचं व्यसन लागलं तरी चांगलंच." त्यांनी ते वाक्य फारच मनावर घेतलं.

सोसायटीने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मीही गेलो होतो, कारण त्यानंतर त्याच इमारतीत माझी आणखी यंत्रं खपली. साहेब पहाटे चालायचे, दुपारी जेवण पचावं म्हणून चालायचे, संध्याकाळी चालायचे, आणि बातम्या ऐकताना चालायचे. पुढे पोटरीत कळ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता कमी करा. साहेब डॉक्टरांना म्हणाले, अगदी थोडं चालतो. पूर्वी सिगारेटींबद्दल हेच सांगत असत. वहिनी देवळात गेल्या की हे यंत्रावर. वहिनी परत आल्या की साहेब सोफ्यावर वर्तमानपत्र उघडून, आणि वर्तमानपत्र घामाने ओलं. वहिनी पूर्वी शर्टाचा वास घेऊन सिगारेट पकडायच्या, आता बनियनचा वास घ्यायला लागल्या.

मग लाल चावी गायब झाली. मला बोलावणं आलं. मी टॉर्च मारून "पार्ट बाहेरून येईल" असं म्हणेपर्यंत साहेब शांतपणे स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर कोकणातल्या देवस्थानातून आणलेला एक चुंबकाचा गणपती चिकटवलेला होता. तो त्यांनी काढला आणि ट्रेडमिलच्या कपाळावर लावला. यंत्र सुरू झालं. म्हणाले, "मोघे, मी सरकारात होतो. प्रत्येक कुलपाला दुसरी किल्ली असते." तेव्हापासून गणपती तिथेच. वहिनींची पंचाईत अशी की चावी लपवता येते, गणपती कसा लपवणार?

एकदा साहेब आंघोळीला गेले असताना वहिनींनी मला चहा दिला आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "मोघे, खरं सांगू? सिगारेट होती तेव्हा मला जास्त बरं वाटायचं."

मी म्हटलं, "वहिनी, असं काय बोलता?"

"अहो, सिगारेट ओढायला गॅलरीत यायचे. मी तिथे भाजी निवडत असायची. ऑफिसातलं सांगायचे, या जॉइंट सेक्रेटरीची टिंगल, त्या डायरेक्टरची टिंगल. मी धूर खायची, पण बोलायचे तरी. आता भिंतीकडे तोंड करून चालतात. मला फक्त पाठ दिसते. ब्लड प्रेशर उत्तम आहे, शुगर उत्तम आहे. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस."

मी पट्ट्याला तेल सोडलं आणि निघालो. त्या दिवशी मला त्या बाईंचं फार वाईट वाटलं.

याच सुमारास त्यांच्या अदितीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, गुडगावात नोकरी करणारी. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घर पानिपतचं. चादरी, पडदे आणि ब्लँकेटं यांचा त्यांचा कारखाना. साहेबांच्या पुण्यातल्या भावाने फोनवर विचारलं, "अरे, सगळं सोडून पानिपतला? तिथे आपलं काय झालं होतं, विसरलास?" साहेब म्हणाले, "या वेळी रसद द्यायला ते आहेत." खरंच, मुलाचे वडील अरोराजी दिलदार माणूस होते. म्हणाले, "वालिंबे जी, हमें कुछ नहीं चाहिए. एक रुमाल भी नहीं. बस बच्ची दे दीजिए." साहेबांना याचा केवढा अभिमान. भेटेल त्याला सांगायचे, एक रुमालसुद्धा मागितला नाही.

विधी आमच्या पद्धतीने, बँड आणि जेवण त्यांच्या पद्धतीने, असा तह झाला. लग्न दुपारच्या मुहूर्ताचं. आमची मंडळी आदल्या संध्याकाळी बसने जाणार आणि लग्न लावून त्याच दिवशी संध्याकाळी परत.

अडचण एकच, आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. साहेब त्याआधी दोन वर्षं दिल्लीबाहेर एक रात्र राहिले नव्हते. पुतण्याच्या मुंजीला गेले नाहीत, बहिणीच्या साठीला गेले नाहीत. मेरठला कोणाकडे बारसं होतं, तर मला फोन, "मोघे, तिकडे तुमचं कोणी गिऱ्हाईक आहे का?" अदितीने मला एकदा ओखल्याच्या दुकानात येऊन गाठलं. म्हणाली, "काका, मी बाबांकडे फक्त एक गोष्ट मागितलीय. लग्नाचा एक दिवस. मशीन नाही, चालणं नाही, बिल्कुल नाही. पूरा दिवस मला बाबा हवेत. त्यांनी प्रॉमिस केलंय. तुम्ही प्लीज त्यांना काही हेल्प करू नका." तिचे डोळे भरले होते. लहानपणापासून पाहिलेली मुलगी. मी म्हटलं, अजिबात नाही.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. "मोघे, तुमच्या वहिनींचं रुखवत तुमच्याच टेम्पोतून जाणार आहे ना?"

जाणार होतं. यंत्रं नाजूक, म्हणून आमच्याकडे टेम्पोला आतून गाद्या लावलेल्या. रुखवतातली चिरोट्यांची परडी, साखरेचा ताजमहाल आणि वहिनींनी केलेला रुमालांचा मोर यांना त्याहून सुरक्षित वाहन नव्हतं. लग्नाच्या दिवशी पहाटे मी स्वतः घेऊन निघणार होतो.

"त्यात मागे जागा आहे?" साहेबांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. अदितीला दिलेला शब्द सांगितला. मग ते म्हणाले, "यार मोघे, त्या दिवसाची नुसती कल्पना केली तरी मला श्वास पुरत नाही. सिगारेट सोडताना असं नव्हतं झालं. मी कन्यादानाला बसेन आणि उठून पळेन, अशी भीती वाटते. अर्धा तास, फक्त सकाळी. हॉलवरच्या तुमच्या खोलीत. तिला कळणार नाही." मंत्रालयात ज्यांच्या आवाजाने लोक उभे राहायचे, ते हे बोलत होते. मी हो म्हणालो.

लग्नाच्या पहाटे द्वारकेच्या रिकाम्या फ्लॅटमधून यंत्र दुमडून काढलं, ब्लँकेटात गुंडाळलं, पुढे रुखवत लावलं आणि निघालो. पानिपतला हॉलवर पोचलो तेव्हा साहेब मागच्या दाराशी उभेच. अंगात सिल्कचा कुर्ता, डोक्याला फेटा, पायात चालायचे बूट. मी म्हटलं, "साहेब, तोंडावर पाणी मारतो, ड्रायव्हरला चहा पाजतो, मग खोलीत लावून देतो." ते म्हणाले, "लवकर." तेवढ्यात भटजींनी त्यांना पुण्याहवाचनाला ओढून नेलं.

मी चहा घेऊन आलो तर टेम्पो रिकामा. हॉलवरच्या पोरांनी सगळं सामान 'लड़की वालों का' म्हणून आत नेलं होतं. मी आत धावलो. मुख्य दालनात, लांब पांढऱ्या चादरीच्या टेबलावर रुखवत मांडलेलं होतं. साखरेचा ताजमहाल, चिरोटे, रुमालांचा मोर. आणि टेबलाच्या शेजारी, उघडून, पुसून, दोन्ही हँडलांना झेंडूच्या माळा बांधून ट्रेडमिल उभी होती. वहिनींची धाकटी बहीण, म्हणजे अदितीची मावशी, आदल्याच दिवशी पुण्याहून आलेली, तिला काहीच माहीत नव्हतं. मला बघून ती हसून म्हणाली, "भावोजींनी सांगितलंसुद्धा नाही. केवढी मोठी भेट. मी म्हटलं, जरा सजवू या."

मी माळा सोडायला हात घातला आणि मागून बँडचा आवाज आला. बारात.

पुढचं सगळं फार भराभर झालं. अरोराजी आत आले, मागे त्यांचे भाऊ, मेहुणे, कारखान्यातले लोक. रुखवत म्हणजे काय हे मावशी हिंदीतून समजावू लागली. अरोराजी चिरोट्यांसमोर वाकले, मोराला हात जोडले आणि ट्रेडमिलसमोर थांबले. साहेब विधी अर्धवट टाकून आले होते, ते खांबापाशी थिजून उभे. वहिनी मुठीत पदर घेऊन. आणि आतल्या दारात अदिती, मुंडावळ्या बांधलेली, नऊवारी नेसलेली. तिने यंत्राकडे पाहिलं, मग बाबांच्या बुटांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

अरोराजी म्हणाले, "वालिंबे जी, ये आपने क्या किया? हमने तो कुछ माँगा नहीं था."

आता साहेबांपुढे दोनच वाटा होत्या. हे माझं आहे, मी एक दिवस याच्याशिवाय राहू शकत नाही म्हणून आणलंय, असं भर मांडवात व्याह्यांना सांगायचं आणि मुलीला आयुष्यभराचा टोमणा आंदण द्यायचा. नाहीतर यंत्रावर पाणी सोडायचं. ते माझ्याकडे बघत होते, जणू मी म्हणेन, पार्ट बाहेरून येईल.

"जी," साहेब म्हणाले. पुन्हा म्हणाले, "जी, आपकी सेहत के लिए."

अरोराजींचं वजन बरंच होतं. त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग यंत्राकडे, आणि त्यांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, "हमारे यहाँ लोग फ्रिज देते हैं, गाड़ी देते हैं. सेहत आज तक किसी ने नहीं दी." मग त्यांचं लक्ष यंत्राच्या कपाळाकडे गेलं. "और देखो भई, ऊपर गणपति जी भी बिठाए हैं. इसे कहते हैं संस्कार." सगळ्या वऱ्हाडाने रांगेने ट्रेडमिलला नमस्कार केला. एका आजींनी पट्ट्यावर नाणं ठेवलं. मग अरोराजींनी चार पोरांना हाक मारली आणि वाळिंबेसाहेबांचं यंत्र त्यांच्या डोळ्यांदेखत, माळांसकट, व्याह्यांच्या घरी रवाना झालं. अदिती तोंडावर शेल्याचं टोक धरून उभी होती. ती हसते आहे की रडते आहे, हे मला दिसलं नाही.

त्यानंतरचे काही तास साहेबांनी कसे काढले ते मी जवळून पाहिलं. माणूस बसायलाच तयार नाही. अक्षता वाटायला हे, पाणी विचारायला हे, सापडलेल्या चपलांची जोडी जुळवायलाही हेच. भटजी दर मंत्रानंतर म्हणायचे, "यजमान, बसा." साहेब बसायचे, पुन्हा उठायचे. "यजमान, बसा." पानिपतच्या मंडळींना वाटलं हा विधीचाच भाग असावा. कन्यादानाच्या वेळी मात्र अदितीने स्वतःच त्यांचा हात घट्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण ते बसून राहिले.

उन्हं कलताना पाठवणी झाली. अदिती गाडीत बसली. खिडकीच्या काचेवर साहेबांनी हात ठेवला, तिने काच खाली घेतली आणि हात धरला. पुढे बँड, त्यामुळे गाडी बँडच्या चालीने निघाली. आमच्याकडचे सगळे जागेवर थांबले. साहेब थांबले नाहीत. खिडकीत हात तसाच, ते गाडीबरोबर चालायला लागले. हॉलचं फाटक गेलं, कोपरा गेला, ब्लँकेटांचा बाजार आला, साहेब चालतच होते. वहिनींनी मला मागे पिटाळलं, "मोघे, बघा हो, कुठे चाललेत." मी सगळा जन्म लोकांना चालण्याची यंत्रं विकली, स्वतः कधी चाललो नाही. साहेबांच्या मागे जाता जाता मला धाप लागली. दुकानदार उठून बघत होते: बँड, त्यामागे फुलांची गाडी, गाडीला धरून फेटा बांधलेला एक म्हातारा, आणि त्याच्या मागे धापा टाकत मी.

काय बोलत होते कोण जाणे. पण बोलत होते. आधी अदिती रडत होती, मग हसायला लागली. साहेब मोकळ्या हाताने हवेत काहीतरी आकार काढून दाखवत होते. कोणत्या तरी जॉइंट सेक्रेटरीची नक्कल चालली असावी, असा माझा अंदाज.

व्याह्यांच्या दारात बायका तेल आणि ताट घेऊन उभ्या होत्या. नवरीबरोबर नवरीचा बाप आलेला बघून त्या चक्रावल्या. विदाई झाल्यावर बापाने येण्याची त्यांच्याकडे रीत नाही. अरोराजी मात्र खूश. "आइए आइए, आप ही की कमी थी." दिवाणखान्यात मधोमध ट्रेडमिल मांडलेली, भोवती चिल्लीपिल्ली. अरोराजींनी साहेबांना तिच्यापाशी नेलं. "हममें से किसी को चलानी नहीं आती. पहले आप चढ़िए, वालिंबे जी. उद्घाटन आपके हाथ से."

मी दारातच उभा होतो. अदिती मापापाशी पाय उचलून थांबलेली, तिची नजर बापावर. सकाळपासून तो माणूस ज्यासाठी तळमळत होता ते समोर होतं, सुरू होतं, आणि लोक आग्रह करत होते. साहेबांनी पट्ट्याकडे पाहिलं. गणपतीकडे पाहिलं.

"आज नहीं," ते म्हणाले. "आज बहुत चल लिया." आणि शेजारच्या सोफ्यावर बसले. मांडी घालून. मग म्हणाले, "चाय मिलेगी?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुलीच्या सासरी बापाने पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा तिकडचा नियम. साहेबांना तो ठाऊक नव्हता, किंवा असेल. अरोराजी गरजले, "चाय लाओ भई, दो बड़े वाले गिलास." अदिती माप ओलांडून सरळ सोफ्यापाशी आली आणि नऊवारी सावरत बापाशेजारी बसली.

मी सायकलरिक्षा करून हॉलवर परतलो. सगळी मंडळी बसमध्ये चढून बसली होती. ड्रायव्हरने बस सुरू ठेवली होती, कोणीतरी हायवेवरच्या धुक्याबद्दल कुरकुरत होतं, पुण्याचे भाऊ घड्याळ बघत होते. वहिनी पायरीवर उभ्या. त्यांनी माझा चेहरा बघूनच विचारलं, "चढले का त्याच्यावर?"

"नाही."

"मग कुठे आहेत?"

"तिकडेच. बसलेत."

"बसलेत?"

"सोफ्यावर. चहा घेताहेत. अदिती जवळ आहे. बोलत बसलेत." मी म्हटलं, "फोन करून बोलावून घेऊ का? उशीर होतोय."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "नको. कोणी उठवू नका त्यांना," त्या म्हणाल्या, आणि आत वळून ड्रायव्हरला सांगितलं, "भैया, इंजन बंद कर दो."